परभणीतील घर: पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर, त्यावर गिलावा आणि लाकडी क्लॅडिंग करावे का?

दुधनाकाठ

सर्वांना नमस्कार. परभणीत आमचे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बांधलेले घर आहे. आरसीसीची चौकट, ९ इंची भाजक्या विटांच्या भिंती आणि बाहेरून वाळू-सिमेंटचा दोन थरांचा गिलावा, असे आपल्याकडचे नेहमीचेच बांधकाम. घराची ३० फूट लांबीची बाजू थेट पश्चिमेला असून लगेच रस्ता असल्याने तिकडे झाड लावायला जागा नाही, आणि झोपण्याच्या दोन्ही खोल्या नेमक्या त्याच बाजूला आहेत. पारा ४२-४३ च्या पुढे गेला की आम्हाला दुपारपेक्षा रात्रीचा त्रास अधिक होतो. जेवणे उरकून खोलीत जावे तर पलंगाच्या उशाकडची भिंत हाताला चांगलीच गरम लागते आणि ती निवायला पहाट उजाडते.

दिवाळीनंतर वर एक मजला चढवायचा आहे. परांची बांधली जाणारच आहे, तेव्हा त्याच खर्चात जुन्या भिंतींचाही निकाल लावावा असा विचार आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याने त्याच्या जुन्या घराला बाहेरून फोमचे फळे लावून त्यावर जाळीचा पातळ गिलावा करून घेतला आणि दर्शनी भागाला लाकडी पट्ट्या बसवल्या. दिसायला काम देखणे झाले आहे, पण तेथील हवा निराळी आणि आपली निराळी.

माझे प्रश्न तीन आहेत. असा थर आपल्या उन्हाळ्यात खरोखर उपयोगी पडतो का? पडत असेल तर चारही भिंतींना द्यावा की फक्त पश्चिमेला? आणि लाकडी क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून बसवलेल्या अशा पट्ट्यांचे आच्छादन, आपल्याकडे टिकते का? तळमजल्यावर दिवाणखान्यात कूलर आहे, एका झोपण्याच्या खोलीत एसी आहे.

ओळंबा

प्रश्न नीट मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देतो. मी स्थापत्य अभियंता असून जालना आणि छत्रपती संभाजीनगर परिसरात घरांची कामे करतो.

रात्री भिंत गरम का लागते, हे आधी पाहू. ९ इंची विटांच्या भिंतीवर दुपारी पडलेली उष्णता आतल्या पृष्ठभागापर्यंत पोहोचायला साधारण ६ ते ८ तास लागतात. म्हणजे तीन-चार वाजताचे ऊन तुमच्या उशाशी रात्री दहा-अकराला येते. पूर्वीच्या दोन-अडीच फुटी दगडी किंवा पांढऱ्या मातीच्या भिंतीत ही वेळ इतकी लांबत असे की उष्णता आत पोहोचण्यापूर्वीच बाहेरची हवा निवलेली असे. ९ इंची भिंत मात्र नेमकी अडनिड्या जाडीची आहे. ती उष्णता अडवत नाही, फक्त झोपायच्या वेळेपर्यंत राखून ठेवते.

आता आकडे. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आतल्या-बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना किती वॅट उष्णता जाते, त्याला यू-मूल्य म्हणतात. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेल्या ९ इंची भिंतीचे यू-मूल्य २ च्या आसपास असते. तिला बाहेरून ५० मिमी जाडीचा चांगल्या प्रतीचा थर्माकोल (फोम) लावला की ते ०.५ च्या जवळ येते. तुमच्या पश्चिमेच्या बाजूचे दोन्ही मजले मिळून, खिडक्या वगळता, सुमारे ५० चौरस मीटर भिंत होईल. मे महिन्यात दुपारी तिचा पृष्ठभाग ५५ अंशांना सहज जातो. आत २८ अंश धरले, तर ढोबळ हिशेबाने आजच्यासारख्या विटांच्या भिंतीतून २७०० वॅट आणि थर दिल्यावर सुमारे ७०० वॅट उष्णता आत येईल. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. उष्णता उशिरा आणि पसरून येत असल्याने प्रत्यक्षात आकडा थोडा बदलेल, पण अर्ध्याहून अधिक एसी केवळ त्या एका भिंतीशी झुंजत असतो, हे यावरून लक्षात यावे.

थर बाहेरूनच द्यावा, आतून नको. बाहेरून दिला म्हणजे विटांचे वजन घराच्या आतल्या बाजूला राहते, रात्री खिडक्या उघडल्यावर ते निवते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोलीला गारवा देते. आतून दिला तर हा लाभ जातो.

परंतु दोन गोष्टी आधी. पहिली म्हणजे छत. तुमच्या घरावर सर्वाधिक ऊन स्लॅबवर पडते, भिंतीवर नाही. उघड्या स्लॅबचे यू-मूल्य ३ च्या वर असते. केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. नव्या मजल्याचा स्लॅब हाच पुढे तुमचे छत होणार असल्याने तेथे आधी खर्च करा. स्लॅबवर उष्णतारोधक फळे, त्यावर विटांच्या तुकड्यांचा उताराचा कोबा आणि वर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा थर), हे आपल्याकडच्या मिस्त्रींना जमणारे काम आहे. छत उघडे ठेवून भिंतींना थर देणाऱ्यांचे पैसे फळत नाहीत.

दुसरी गोष्ट कूलरची. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो आणि तिला बाहेर जायला खिडकी उघडी ठेवावी लागते. त्या हवेबरोबर येणारी उष्णता भिंतीवरचा कोणताही थर अडवणार नाही. तुमचा दिवाणखाना कूलरवर असेल तर त्या भागाला थराचा लाभ मर्यादित आहे; एसीच्या खोलीला तो पुरेपूर आहे. कोणत्या भिंतीला थर द्यायचा, हे ठरवताना आत हवा कशाने गार करतो, हे आधी लिहून काढावे.

लातूरची_लेक

मी मूळची लातूरची, सध्या यॉर्कशायरमध्ये राहते. दुधनाकाठ काका, तुमच्या भाच्याच्या घरासारखेच आमचेही घर आहे आणि योगायोग असा की त्याची भिंतही ९ इंची, सलग विटांची आहे. इकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची असंख्य घरे अशीच बांधलेली आहेत. काम आमच्या डोळ्यांसमोर झाले, म्हणून थोडे लिहिते.

येथे हा थर घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून देतात. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार जुन्या भिंतीला बाहेरून थर दिला तर तिचे यू-मूल्य ०.३० पर्यंत आणणे अपेक्षित असते, त्यामुळे फळे १०० मिमीच्या आसपास जाड लागतात. आपल्याकडे एवढी जाडी घेण्याचे कारण मला दिसत नाही. पहिल्या ५० मिमीमध्ये २ चे ०.५ होते, पुढच्या ५० मिमीमध्ये ०.५ चे ०.३ होते. खिडक्यांच्या कडा, जोत्यावरची पट्टी, पावसाच्या पाण्याचे पाइप, सगळेच मात्र त्या जाडीनुसार पुढे सरकवावे लागते. लहानपणी आमच्याकडे बर्फाची लादी भुशात घालून गोणपाटात गुंडाळून आणत, तेथे भुशाचे काम जे, तेच येथे फोमचे. उष्णता आत येते की बाहेर जाते याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

दुसरा मुद्दा आगीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. इमारतीला बाहेरून बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिलीन हे जळणारे प्लास्टिक होते, त्यामागे फोमचे फळे होते आणि मधल्या पोकळीतून आग वर चढत गेली. त्यानंतर डिसेंबर २०१८ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत जळणारे साहित्य वापरायला बंदी आली. दोन मजली घराला तो नियम लागू होत नाही, पण धडा लागू होतो. गिलाव्याखाली पूर्ण बंदिस्त असलेला फोम आणि पोकळी ठेवून बसवलेल्या लाकडी पट्ट्यांमागचा उघडा फोम, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पट्ट्यांमागे थर द्यायचाच असेल तर तो रॉकवूलचा, म्हणजे न जळणाऱ्या दगडी लोकरीचा असावा. आपल्याकडे बाहेरच्या भिंतीवर विजेचा मीटर, शेजारी इन्व्हर्टरच्या तारा आणि दिवाळीत अंगणात फटाके असतात, हेही विसरू नये.

मोंढा_नाका

मी हे काम करून घेतले आहे, त्यामुळे माझाही अनुभव नोंदवतो. घर संभाजीनगरात, पश्चिमेची दोन मजली भिंत. काम एका दर्शनी सजावट करणाऱ्या ठेकेदाराला दिले होते. नाव लिहीत नाही. फळे भिंतीवर चिकटवताना मसाल्याचे चार गोळे मारून दाबले, कडेने सलग पट्टी ओढली नाही. जाळी लावायला माणसे नाहीत म्हणून फळे एप्रिलच्या उन्हात कितीतरी दिवस उघडी राहिली. ती पिवळी पडली, बोट फिरवले की पीठ निघायचे. त्याच पिठावर पुढचा मसाला ओढला. पहिल्या पावसाळ्यानंतर प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली आहे. बोटाच्या पेराने ठोकले की काही ठिकाणी भरीव आवाज येतो, काही ठिकाणी डब्यासारखा पोकळ. एका भेगेतून खारीने आत वाट काढली असून ती रोज थर्माकोलचे मणी खाली सांडते.

ठेकेदार म्हणतो, मराठवाड्याच्या उन्हात हे चालतच नाही. मी मानत नाही. जेथे फळा नीट बसला आहे, त्या भागामागची खोली खरोखर निवली आहे आणि तेथे एसी रात्री लवकर बंद करता येतो. दोष साहित्याचा नाही, हाताचा आहे.

गारपिटीचाही विचार करावा. मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली तिने मोसंबी आणि ज्वारीबरोबर पत्रेही फोडले होते. फोमवरचा ४-५ मिमीचा गिलावा गारेखाली दबतो. पश्चिमेकडून वळवाचा पाऊस आडवा येतो, तिकडे दुहेरी जाळी सांगावी.

वखारवाला_नांदेड

लाकडाबद्दल मी लिहितो, कारण माझा धंदाच तो आहे. गिऱ्हाईक जावे म्हणून कोणी लिहीत नाही, पण जे आहे ते आहे: उघड्या पश्चिमेच्या भिंतीवर लाकडी पट्ट्या बसवू नका.

आमच्याकडे किनवटच्या बाजूचे सागवान येते. त्याच्या गाभ्याचे लाकूड तेलकट असते, त्याला वाळवी सहसा लागत नाही. पण आज बाजारात ज्या किमतीला क्लॅडिंगच्या पट्ट्या विकतात, त्या किमतीत निव्वळ गाभा मिळत नाही. कडेचा पांढरा भाग मिसळलेलाच असतो आणि तो वाळवीचा आवडता घास आहे. त्यात आपली हवा. एप्रिलमध्ये हवेत इतका कोरडेपणा असतो की लाकूड आक्रसते, आणि ऑगस्टमध्ये तेच पाणी पिऊन फुगते. युरोपातल्या लाकडाला वर्षभर ओल सोसावी लागते, पण एवढा चढउतार नाही. आपल्याकडे पट्टी रुंद असेल तर ती वाटीसारखी वाकते आणि स्क्रूपाशी फाटते. पॉलिश किंवा पीयूचा चकचकीत थर पश्चिमेच्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. तेल द्यावे लागते, आणि ते वर्षातून एकदा, परांची बांधून. किती घरे हे करतात?

जुने वाडे पाहा. खांब, तुळया, तक्तपोशी, देवड्या, सगळे सागवानी. पण सगळे चौकाच्या आत किंवा सज्जाखाली. बाहेर उन्हापावसात दगड आणि चुना. सुतारांनी हे विचार करूनच ठेवले होते.

हौस असेल तर प्रवेशद्वाराजवळ, पोर्चच्या स्लॅबखाली, उत्तर किंवा पूर्वेच्या सावलीतल्या भिंतीवर थोडे करा. तेथेही पट्टी थेट भिंतीला ठोकू नये. आधी उभ्या रिपा मारून मागे किमान २५ मिमी पोकळी ठेवावी, खाली आणि वर हवा जायला वाट ठेवून तिला बारीक स्टीलची जाळी लावावी म्हणजे मुंग्या-माशा घर करणार नाहीत. पट्टी ४ इंचांहून रुंद नसावी, जमिनीपासून किमान ६ इंच वर संपावी, कापलेल्या टोकांना तेल किंवा प्रायमर भरपूर द्यावा आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. साध्या खिळ्याचा काळा ओघळ सागावर उतरतो आणि निघत नाही. डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) पट्ट्यांबद्दल विचारणार असाल तर त्या उन्हात लांबीला चांगल्याच वाढतात. दोन पट्ट्यांत फट न ठेवता बसवल्या की मे महिन्यात फुगून उचलल्या जातात.

दुधनाकाठ

सर्वांचे आभार. लाकडाचा विषय पश्चिमेपुरता माझ्या डोक्यातून गेला. काही माहिती राहिली होती ती देतो. जोत्याजवळ भिंतीला ओल येते आणि क्षार फुटतात. जमीन काळी आहे. दक्षिण-पश्चिमेच्या कोपऱ्यात एक भेग आहे, ती उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात जवळजवळ मिटते. यावर थर दिला तर ती झाकली जाईल का? शिवाय दक्षिणेच्या भिंतीचे काय करावे? तिच्यावरही दिवसभर ऊन असते असा आमचा समज आहे.

ओळंबा

भेग झाकली जाईल, पण काही महिन्यांनी नव्या गिलाव्यातून पुन्हा बाहेर येईल. ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी भेग म्हणजे काळ्या मातीबरोबर पाया हलतो आहे. आधी भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहून ठेवा. ती तडकली तर पायाचा इलाज केल्याशिवाय त्या भिंतीला हात लावू नका. बहुधा कोपऱ्यावरचे पावसाचे पाणी पायाशी मुरत असते. पन्हळीचे पाणी दूर काढून भोवती उताराची फरशी केली तरी निम्मे दुखणे कमी होते. वर मजला चढवणार असल्याने पाया आणि खांब तपासून घ्यावेच लागतील, तेव्हा हेही त्यांनाच दाखवा.

ओलीचेही तसेच. ओल्या, क्षार फुटलेल्या भिंतीवर फळे चिकटवले की ओल आतल्या बाजूने वर चढू लागते. जोत्यापासून साधारण फूटभर उंचीपर्यंत थर देऊच नये. तेथे ॲल्युमिनियमची आधारपट्टी बसवून तिच्या वरून फळे सुरू करावेत. त्याने वाळवीलाही फोमच्या आडून चढायला वाट राहत नाही.

दक्षिणेच्या भिंतीबद्दलचा समज हिवाळ्यापुरता खरा आहे. परभणीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि नंतर जुलैअखेरपर्यंत किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचे ऊन जवळजवळ पडतच नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये जे पडते ते दीड-दोन फुटांच्या छज्जाने अडते. पश्चिमेला मात्र सूर्य समोरून, तिरपा येतो, तेथे छज्जा कितीही पुढे काढला तरी कामाचा नाही. म्हणून चारही भिंती गुंडाळण्यात अर्थ नाही. पश्चिम पूर्ण, आणि एसीची खोली पूर्वेलाही भिडत असेल तर तेवढा भाग.

पांढरी_गढी

बीड जिल्ह्यातील एका जुन्या गढीच्या डागडुजीच्या कामावर आहे, म्हणून चुन्याची बाजू मांडतो. सर्वजण फोम आणि पॉलिमरबद्दल बोलत आहेत, परंतु आपल्याच भागात बाहेरच्या गिलाव्याची मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकातील बीबी का मकबऱ्यात संगमरवर थोड्याच भागात आहे. बाकी काळ्या दगडावरचा घोटलेला चुना आहे आणि लांबून पाहणाऱ्याला तो संगमरवरच वाटतो. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळले, हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. देवगिरीच्या किल्ल्यातील गिलाव्यातही ते सापडले आहेत. तंतू भेगा आवरतात, हे काचेच्या जाळीच्या कितीतरी आधी येथील कारागिरांना ठाऊक होते.

चुन्याचा गिलावा ओल आत कोंडत नाही आणि पांढरा असल्याने ऊन परतवतो. चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाच्या गिरणीत) मळलेला चुना, विटांची सुरखी (भुकटी), त्यात गूळ आणि बेलाचा गर, हे मिश्रण आजही करता येते. दुधनाकाठ यांनी जोत्याच्या ओलसर पट्ट्यात सिमेंट खरवडून चुना वापरावा, असे मी सुचवेन.

ओळंबा

जोत्यापुरते मान्य आहे, आणि दगड-मातीच्या जुन्या बांधकामावर तर चुनाच हवा. तेथे सिमेंट थापणारे लोक भिंतीचा जीव घेतात. परंतु चुना म्हणजे उष्णतारोधक थर नव्हे. २० मिमी चुन्याने यू-मूल्यात जो फरक पडतो तो नगण्य आहे. त्याचा लाभ पांढऱ्या रंगातून येतो. नुसता पांढरा रंग दिला तरी भिंतीचा पृष्ठभाग गडद रंगापेक्षा बराच थंड राहतो, हे खरे, आणि ज्यांना फोमचा खर्च झेपत नाही त्यांनी दर दोन वर्षांनी पश्चिमेच्या भिंतीला आणि छताला पांढरी सफेदी दिली तरी फरक जाणवेल. शिवाय घाणीवर चुना मळणारी माणसे राहिली कोठे? तुमच्या गढीवर आहेत, हे त्या गढीचे भाग्य.

वजनाचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. आपल्याकडे दर्शनी भिंतीला दगडी फरशी चिकटवण्याची हौस वाढली आहे. २५ मिमी जाडीच्या दगडाचे वजन चौरस मीटरला ६५ किलोच्या पुढे जाते. फोम, मसाला, जाळी, सगळे धरून १५ किलोच्या आत बसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः जड दगडी भिंती आणि मातीच्या धाब्यांखाली. ज्या भागाने ते पाहिले, तेथे डोक्याच्या उंचीवर दगड नुसत्या मसाल्यावर टांगणे मला पटत नाही.

दुधनाकाठ

आता चित्र स्पष्ट झाले. आधी पायाची तपासणी आणि पाण्याचा निचरा. नव्या स्लॅबवर पूर्ण उष्णतारोधक छत. पश्चिमेच्या भिंतीला दोन्ही मजल्यांवर ५० मिमीचा थर आणि पांढरट गिलावा. पोर्चखाली थोडे सागवान, तेही हौस म्हणून. बाकीच्या भिंतींना साधा गिलावा.

शेवटचे दोन प्रश्न. नव्या मजल्याच्या भिंती पुन्हा ९ इंची विटांच्या कराव्यात का? आणि येथील मिस्त्रींनी फोमचे काम पूर्वी केलेले नाही, तर मी उभे राहून नेमके काय पाहावे?

ओळंबा

नव्या मजल्याला ८ इंची एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक बुडबुड्यांचे हलके काँक्रीट) घ्या. त्याचे यू-मूल्य फोमशिवायच ०.८ च्या आत येते, वजन विटांच्या निम्म्याहून कमी असल्याने जुन्या पायावरचा भारही घटतो. मग वरच्या मजल्यावर पश्चिमेलाही फोमची गरज राहत नाही. तो खर्च फक्त तळमजल्यावर करा. ब्लॉकची भिंत आणि आरसीसी यांच्या सांध्यावर कोंबडीजाळी मारल्याशिवाय गिलावा करू देऊ नका, आणि ब्लॉकवर सिमेंट जास्त असलेला कडक माल नको, १:६ पुरे. एएसीचे काम चिकटमसाल्यात केले तर भिंतीला पाणी मारायची गरज फारशी उरत नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या गावात टँकर सुरू असतो, तेथे साध्या गिलाव्याला आठवडाभर दोन वेळा पाणी मारणे होत नाही आणि तो भुसभुशीत राहतो. गिलाव्याची कामे नोव्हेंबर ते जानेवारीत उरका. दिवाळीनंतरचा तुमचा मुहूर्त त्या दृष्टीने योग्य आहे.

आता फोमचे. माल उतरला की एक फळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. १ मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिमी जाडीचा फळा २० घनतेचा (घनमीटरला २० किलो) असेल तर बरोबर ५०० ग्रॅम भरतो. ३५०-४०० भरला तर तो पॅकिंगचा माल आहे, गाडी परत पाठवा. ज्वाला पसरू न देणारी प्रत मागा. जुन्या रंगाचे पापुद्रे खरवडून भिंत धुवून घ्या. मसाला फळ्याच्या चारही कडांनी सलग आणि मध्ये तीन ठिकाणी. नुसते गोळे दिसले की काम थांबवा. फळे विटांसारखे सांधा मोडून लावावेत, खिडकीच्या कोपऱ्याशी सांधा येऊ नये. तेथे फळा एल आकारात कापून बसवावा. मसाला वाळल्यावर चौरस मीटरला सहा याप्रमाणे प्लास्टिकच्या चकतीचे खिळे, ते विटेत किमान दीड-दोन इंच रुतले पाहिजेत. जितके फळे त्या आठवड्यात झाकता येतील तितकेच लावा, म्हणजे मोंढा_नाका यांच्यासारखे पीठ होणार नाही.

जाळी काचेच्या धाग्यांची, सिमेंटचा क्षार सोसणारी आणि चौरस मीटरला १४५ ग्रॅमच्या वरची. ती फोमवर ठेवून वरून मसाला फासायचा नसतो. आधी मसाला ओढायचा, त्यात जाळी दाबायची आणि पुन्हा पातळ हात फिरवायचा. दोन पट्ट्या १० सेंमीने एकमेकींवर चढाव्यात. खिडकीच्या प्रत्येक कोपऱ्यावर तिरपा तुकडा आधी, मग मुख्य जाळी. हा तुकडा राहिला की तिरपी भेग ठरलेली. शेवटचा रंगीत थर फिकटच निवडा. दर्शनी भाग गडद करड्या रंगाचा करण्याची सध्याची टूम फोमवर चालत नाही. त्याच्या पोटातली उष्णता मागे जाऊ शकत नसल्याने तो पातळ थर तापून तडकतो.

खिडक्यांचे उंबरे फळ्याच्या जाडीएवढे पुढे वाढवून त्यांना खालून पाणी तोडणारी खाच ठेवा, नाहीतर ओघळ गिलाव्यामागे शिरेल. आणि एसीचे बाहेरचे युनिट, डिशची छत्री, कपडे वाळवण्याच्या दांड्या कोठे येणार, त्या जागा आजच भिंतीवर खडूने आखून तेथे फोमऐवजी घट्ट लाकडाचा ठोकळा किंवा लांब अँकर बसवून घ्या. काम झाल्यावर केबलवाला येऊन ड्रिल लावतो आणि त्या एका छिद्रातून पावसाळाभर पाणी आत जाते.

मोंढा_नाका

पैशांचे हप्ते झालेल्या चौरस मीटरांवर न ठरवता टप्प्यांवर ठरवा: फळे आणि खिळे झाले की पहिला, जाळी दाबून झाली की दुसरा. जाळी झाकण्यापूर्वी प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्याचे फोटो काढून ठेवा, आणि ते न काढता दुसरा हप्ता देऊ नका.